फळ्यावरचं ते अर्धं वाक्य माझं आहे : गावकीच्या पंचांना खुलं पत्र

प्रति,
गावकीचे पंच आणि समस्त कमिटी मंडळी,
बेलापूर पट्टी, नवी मुंबई

राम राम.

मंगळवारी सकाळी दूध आणायला निघालो, तर गावदेवीच्या देवळाशेजारचा फळा नव्याने रंगवलेला दिसला. निळ्यावर पांढरी अक्षरं, रंगाऱ्याचा हात सुबक आहे. शिमग्याच्या बैठकीतला ठराव लिहिलाय : साडेबारा टक्क्यांच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी गेलेल्या जमिनींच्या बदल्यात मिळणाऱ्या) भूखंडाच्या ज्या फायली वारसांवरून अडल्यात, त्या घरांतल्या लेकीबहिणींनी हनुमान जयंतीच्या आत हक्कसोड करून द्यावं. त्याखाली कारण दिलंय : ‘हिंदू कायद्यात रूढी ही लेखी वचनापेक्षा श्रेष्ठ आहे, आणि लेकींना वाटा नाही ही आपली रूढी आहे.’ आणि सगळ्यात शेवटी, जी बहीण भावावर दावा लावील तिच्या घरच्या कुठल्याही कार्याला गावकी उभी राहणार नाही.

त्या कारणाचा पहिला अर्धा भाग माझा आहे. माघी गणपतीला तुम्ही मला ‘कोर्टातला माणूस’ म्हणून चार शब्द बोलायला उभं केलंत, तेव्हा मी तो बोललो होतो. ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी दिवाणी बाजूला. माझं बोलणं कुणी ऐकत असेल असं मला त्या दिवशी वाटलं नव्हतं, पोरं ऑर्केस्ट्राची वाट बघत होती. पण कुणीतरी ऐकलं, एक वाक्य उचललं, मागचं पुढचं सोडलं आणि त्याला स्वतःचं शेपूट जोडलं. फळ्यावर माझं नाव नाही हे खरं. तरी गावात सगळ्यांना माहीत आहे की हे कोण बोललं होतं, आणि दोन भाच्यांनी मला फोन करून विचारलंही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

आधी त्या वाक्याबद्दल. ते १८६८ सालचं. इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट म्हणजे लंडनचं प्रिव्ही कौन्सिल, त्याने मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात म्हटलं की हिंदू कायद्याच्या रचनेत रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथातल्या वचनावर मात करतो. ‘स्पष्ट पुरावा’ हे दोन शब्द फळ्यावरून गळालेत. बरं, तो खटला कशाचा होता? रामनाडचा जमीनदार वारल्यावर त्याच्या विधवा राणीने मुलगा दत्तक घेतला. सरकार म्हणत होतं की नवऱ्याने परवानगी दिलेली नाही, सबब दत्तक नाही, सबब जमीनदारी बेवारस, सबब आमची. कोर्टाने सांगितलं की त्या मुलखात सपिंडांच्या, म्हणजे नवऱ्याच्या जवळच्या नातलगांच्या, संमतीने विधवेला दत्तक घेता येतो, तशी वहिवाट आहे. राणी जिंकली. सरकार जमीन गिळायला बसलं होतं ते एका बाईच्या दत्तकाने थांबलं. ज्या वाक्याने विधवेचा हात धरला, तेच वाक्य तुम्ही बहिणीचा हात मुरगळायला वापरताय.

तरी तुमची बाजू मी आधी पुरती मांडतो, नाहीतर म्हणाल की कारकून सोयीचं तेवढंच सांगतो.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची चार लक्षणं दिली आहेत : वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाला जे पटेल ते. याज्ञवल्क्याने थोड्या फरकाने तेच सांगितलंय. त्यातला सदाचार म्हणजे चांगल्या लोकांची चालत आलेली रीत, तुमची रूढी इथूनच आत येते. आणि ती नुसती नावापुरती नव्हती. मामाची मुलगी करणं आपल्याकडे सर्रास चालतं. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात ही दक्षिणेकडच्या लोकांची खास रीत म्हणून नोंदवून ठेवली आहे. उत्तरेतल्या माणसाने ती केली तर दोष, दक्षिणेतल्याने केली तर नाही. म्हणजे तेव्हाच्या शास्त्रकारांनाही ठाऊक होतं की एकच नियम सगळ्या मुलखाला लावता येत नाही.

इंग्रज आले तेव्हा मुंबई इलाख्यात त्यांनी रूढीला शास्त्राच्याही पुढे बसवलं. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनचं, म्हणजे तेव्हाच्या कायद्याचं, सव्विसावं कलम सांगतं की सरकारी कायदा नसेल तिथे आधी त्या प्रदेशातली वहिवाट बघा, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, तोही नसेल तर न्याय आणि सदसद्विवेक. एल्फिन्स्टनच्या काळात स्टील नावाच्या अधिकाऱ्याने पुण्याकडे जातीजातींच्या माणसांना विचारून त्यांच्या रीती लिहून काढल्या, त्याचं पुस्तकही निघालं. (त्याच १८२७ सालचं आठवं रेग्युलेशन तुम्ही सगळे ओळखता, फक्त नावाने नाही. सिडकोच्या फायलीला जो कोर्टाचा वारस दाखला लागतो, तो आजही त्याच्याखाली निघतो. दोनशे वर्षं होत आली त्याला.)

आणि रूढीने लेकींना खरोखर डावललं गेल्याचंही उदाहरण आहे. १८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजाच्या मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायमूर्ती पेरी यांनी खोजांची जुनी चाल मुलींना वाटा न देण्याची आहे असं पुराव्यावरून ठरवलं आणि मुली हरल्या. हे मी लपवत नाही. तुमच्या वकिलाने हा निकाल काढला तर तो खोटा नाही.

आता पुढचं ऐका.

‘लेकींना वाटा नाही ही आपली रूढी’ असं तुम्ही लिहिलंत. पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्माने हक्क आणि मुलीला नाही, हे आपल्या आगरी-कोळ्यांच्या रीतीतून आलेलंच नाही. ते मिताक्षरेतून आलं. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ही टीका, आणि बंगाल सोडला तर जवळजवळ सगळ्या देशात कोर्टांनी तीच धरली. म्हणजे फळ्यावर तुम्ही ग्रंथाला रूढीखाली दाबलंत आणि लगेच पुढच्या शब्दाला ग्रंथातलाच नियम रूढी म्हणून खपवलात.

त्यातही पूर्ण विज्ञानेश्वर घेतला असतात तर हरकत नव्हती. याज्ञवल्क्य म्हणतो, भावांनी आपल्या वाट्यातून चौथा हिस्सा अविवाहित बहिणीला द्यावा. काही टीकाकार म्हणत होते की याचा अर्थ लग्नापुरता खर्च. विज्ञानेश्वराने ते मान्य केलं नाही. बाप गेल्यावर कुमारी मुलीला खरोखरचा हिस्सा आहे असं त्याने लिहिलं. पुढे कोर्टांच्या व्यवहारात हा हिस्सा घसरत घसरत लग्नखर्च आणि पोटगीवर येऊन थांबला, ती गोष्ट वेगळी.

आणि आपली पट्टी तर निव्वळ मिताक्षरेची नाहीच. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण, या भागात मिताक्षरा आणि व्यवहारमयूख या दोन ग्रंथांत मतभेद असेल तर मयूखाचा शब्द वरचढ, असं मुंबई हायकोर्टाने धरलं होतं. ठाणं उत्तर कोकणात येतं. हा मयूख लिहिणारा नीलकंठ भट्ट सतराव्या शतकातला काशीचा पंडित, पण घराणं मूळचं आपल्या पैठणचं. त्याने काय केलं? माणूस मूलबाळ, बायको, आईबाप, भाऊ, पुतणे यांच्यापैकी कुणी न ठेवता गेला तर वारस कोण, या रांगेत त्याने आजीच्या लगेच मागे सख्ख्या बहिणीला उभं केलं. लांबच्या भाऊबंदांच्या आधी. कारण काय दिलं, तर तीही भावाच्याच गोत्रात जन्मली आहे, मग ती गोत्रज कशी नाही? दुसऱ्या इलाख्यांत बहिणीला कायद्याने वारसांत जागा मिळायला १९२९ साल उजाडलं. आमच्या कोर्टातल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी हे मला कोर्ट नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिताना समजावलं होतं, बशीत चहा ओतून, तो निवेपर्यंत. लग्न झालं की बहिणीचं गोत्र बदलतं, ती परकी होते, असं आपण पारावर बसून म्हणतो. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी या मुलखाचाच ग्रंथ म्हणत होता की जन्म कुठे झाला ते बघा.

बाप एकत्र कुटुंबात असेल तर मयूखातही लेकीला भावाबरोबर वाटा नव्हता. तेवढं तुमचं बरोबर.

आता रूढीकडे येतो, कारण खरी चूक तिथे आहे. कोर्टात रूढी सिद्ध करायची म्हणजे ती प्राचीन लागते, अखंड चालत आलेली लागते, निश्चित लागते, अवाजवी नसावी आणि लोकहिताविरुद्ध नसावी. साक्षीदार पिंजऱ्यात येऊन ‘आमच्यात असंच असतं’ एवढं म्हणाला तर न्यायाधीश पेन खाली ठेवायचे. ‘कधी? कुणाच्या घरी? कुठल्या साली? कुणी नाही म्हटलं होतं का?’ हे प्रश्न यायचे आणि दहातले आठ साक्षीदार तिथेच अडखळायचे.

तुमची रूढी तर या परीक्षेला बसायच्या आधीच नापास आहे. लेकीला हक्क नाही हीच जर रूढी असेल, तर तिची सही कशाला हवी? जे नाहीच ते ती सोडणार कसं? हक्कसोड पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं की ‘सदर मिळकतीत माझा अविभक्त हिस्सा आहे’. तो हिस्सा कबूल केल्यावरच पुढे ‘तो मी सोडत आहे’ येतं. गावात आजवर झालेलं प्रत्येक हक्कसोड म्हणजे लेकीला वाटा आहे याचा नोंदणीकृत पुरावा. तुम्हीच दुय्यम निबंधकाच्या कपाटात तुमच्या रूढीविरुद्धचे दस्त रचून ठेवलेत.

असा एक दस्त माझ्याही घरचा आहे. अकरा वर्षं झाली. वारस दाखल्यावर तीन नावं होती : मी, धाकटा आणि बहीण. बिल्डरचा माणूस रोज घरी येत होता, त्रिपक्षीय करार अडला म्हणत होता. मी बहिणीला फोन केला. वाटा हवा की नको हे मी विचारलंच नाही, कुठल्या दिवशी येशील तेवढं विचारलं. ती सकाळच्या बसने आली, गजरा माळून. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तारेला लटकलेल्या छोट्या कॅमेऱ्यासमोर तिला बसवलं, फोटो निघाला. मग अंगठा. मशीन घेईना. पोराने तिचा अंगठा फडक्याने पुसला, पुन्हा ठेवायला लावला, डावा घेतला, पुन्हा उजवा. लहानपणी मिठागरात आणि नंतर वर्षानुवर्षं कोलंबी सोलण्यात त्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. ‘मावशी, जरा दाबून,’ पोरगा म्हणत होता. सातव्या की आठव्या वेळी पडद्यावर हिरवी खूण आली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘झाला का, दादूस?’ मी म्हटलं, झाला. बाहेर येऊन तिला साडी आणि पाच हजारांचं पाकीट दिलं. रेग्युलेशनची कलमं तोंडपाठ असलेल्या माणसाने हे केलं. दस्तात काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.

बहिणीने समजून उमजून, आपल्या राजीखुशीने हक्क सोडला तर कायदा तिला अडवत नाही, आणि मीही अडवणार नाही. पण फळ्यावर तारीख टाकून मागितलेली राजीखुशी कसली?

आता १९५६. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याचं चौथं कलम तुमच्यापैकी एकाने जरी वाचलं असतं तरी फळ्याचा रंग वाचला असता. ज्या बाबीबद्दल या अधिनियमात तरतूद केली आहे, त्या बाबीपुरता हिंदू कायद्यातला प्रत्येक जुना ग्रंथ, नियम, अर्थ, आणि त्या कायद्याचा भाग असलेली प्रत्येक रूढी व वहिवाट निष्प्रभ होते. वारसा ही तर त्या अधिनियमाची मुख्य बाब. तेव्हा विज्ञानेश्वर गेला, नीलकंठ गेला, प्रिव्ही कौन्सिलचं ते वाक्यही वारशापुरतं गेलं, आणि त्यांच्याबरोबर आपली गावकीही. आठव्या कलमाने बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई एका रांगेत बसवली. ‘लेकींना हक्क दोन हजार पाचला मिळाला’ असं आपण म्हणतो ते अर्धवट आहे. बापाच्या हिश्श्यातला वाटा १९५६ पासूनच होता. एकत्र कुटुंबात जन्माने हक्क मिळाला तो आपल्या राज्यात २२ जून १९९४ ला, आणि तोही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती लग्नाची अट गेली. बाप त्या दिवशी हयात हवा होता का, यावर बरीच वर्षं भांडणं चालली. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तशी गरज नाही, हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उलटत नाहीत. ‘तोंडी वाटणी झाली होती’ असं आता उठून कुणी म्हणेल, तर त्याच्यामागे सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

रूढी सगळीकडेच मेली असं मात्र समजू नका. १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम काढून बघा. त्याच्या सातव्या कलमात लग्न दोघांपैकी कुठल्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लावता येतं. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे ती लागते, सगळीकडे नाही. मामाच्या मुलीशी लग्न आजही त्या कायद्यात रूढीच्या आधारावरच टिकतं. पंचांसमोरची काडीमोड एकोणतिसाव्या कलमात राखून ठेवली आहे, फक्त ती रूढी कोर्टात काटेकोर सिद्ध करावी लागते. दत्तकाच्या कायद्यात पंधरा वर्षांवरचा किंवा लग्न झालेला मुलगा रूढी असेल तर दत्तक घेता येतो. कायदा करणाऱ्यांनी रूढी कुठे ठेवायची आणि कुठे मिटवायची हे बघून, वेचून ठरवलं. लग्नात ठेवली. वारशात ठेवली नाही.

आणि आपल्या लग्नाची रूढी काय होती हो? भटजी आपल्या मांडवात स्थिरावला तो फार नंतर. आपल्याकडे लग्न लावायची ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, चालायचे, ती म्हणेल तेव्हा तांदूळ, ती म्हणेल तेव्हा अंतरपाट बाजूला. माझ्या आईचं लग्न तसंच लागलं. पंचांपैकी कुणी उठून त्या बाईला ‘तू गप्प’ म्हणाला असता तर लग्न मोडलं असतं. रूढीचा इतका पुळका असेल तर पुढच्या हळदीला धवलारीण बोलवा. गावात एकच उरली आहे आणि तिला आता नीट दिसत नाही.

शेवटच्या ओळीबद्दल थोडक्यात, कारण ती सगळ्यात धोक्याची आहे. कार्याला गावकी जाणार नाही, याला साध्या मराठीत वाळीत टाकणं म्हणतात. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा ठराव करणाऱ्या बैठकीतले सगळे त्यात येऊ शकतात. ठरावाच्या वहीत तुमच्या सह्या आहेत आणि फळ्याचा फोटो आता अर्ध्या पट्टीच्या व्हॉट्सॲपवर आहे.

फायली अडल्यात ही तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. साडेबारा टक्के कुणी आयते दिलेले नाहीत. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीला बळी गेले, तेव्हा कुठे जमिनी गेलेल्या पंच्याण्णव गावांचं म्हणणं ऐकलं गेलं. आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या हाकेला त्या दिवसांत बायकाही घराबाहेर पडल्या होत्या, माझी आई आणि बहीण त्यांच्यात होत्या. फाईल पुढे सरकवायला बहिणीचं नाव कापावं लागत नाही. ते वारस दाखल्यात राहू द्या, भूखंड सगळ्यांच्या नावे घ्या, बिल्डरच्या करारात तिचीही एक खोली लिहा. बिल्डर कुरकुर करील, कारण त्याला कमी माणसांच्या सह्या सोयीच्या पडतात. त्याची सोय ही काही आपली रूढी नाही.

माझ्या बहिणीच्या नावे एक खोली बक्षीसपत्राने करायचं मी काढलंय. धाकट्याची सही अजून व्हायची आहे. तो ‘बघू’ म्हणतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. फळ्यावरचा तो ठराव पुसा. पुसेपर्यंत निदान माझं वाक्य तरी काढा, किंवा ‘१७ जून १९५६ पर्यंत’ असं त्याच्यापुढे जोडा. रंगाऱ्याचे पैसे माझ्याकडून घ्या, तो शनिवारी मोकळा आहे, मी विचारून ठेवलंय. वर गावदेवीचं नाव लिहिलंय तेवढं राहू द्या, ते त्याने फार छान काढलंय.

आपला,
गावातलाच एक,
ठाणे कोर्टातून निवृत्त झालेला कारकून